एका छातीचे अकरा आलेख

खाच अर्धा मिलिमीटर खोल होती. शिखरावरून लाट खाली उतरताना, शिखरापासून बरोबर एका बारीक चौकोनावर, म्हणजे सेकंदाच्या पंचविसाव्या भागानंतर, रेघ किंचित अडखळत होती आणि पुन्हा आपल्या वाटेने जात होती. जिना उतरताना पायरी चुकावी आणि पाय लगेच सावरावा, तशी. त्यात आजार काही नव्हता. निरोगी माणसांच्या ईसीजीतही अशा खाचा सापडतात. तो ज्याच्या त्याच्या छातीचा घाट असतो, नाकासारखा.

पण एकच नाक अकरा जणांना नसतं.

मंगळवारची सकाळ होती. मी इस्पितळाच्या हृदयविभागात तंत्रज्ञ आहे. नव्या राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या सगळ्या खेळाडूंचे ईसीजी पाहून त्यांवर सही करायचं काम अकरा आठवड्यांपासून माझ्याकडे होतं. दहा क्लब, प्रत्येकाचे बावीस खेळाडू. कागद ठिकठिकाणच्या दवाखान्यांतून दोन-दोन, तीन-तीन असे यायचे, मी ते वाचायचे, सही करून कपाटात ठेवायचे. त्या दिवशी ते क्लबवार लावायला घेतले, तेव्हा आमच्या गावच्या क्लबचे बावीस कागद पहिल्यांदा एकत्र टेबलावर आले.

चौथ्या कागदावर ती खाच दिसली. मग सातव्यावर. मी दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर धरले आणि एकमेकांवर सरकवले. रेघेवर रेघ बसली. ठोक्यांचा वेग तेवढा वेगळा होता, एकाचा मिनिटाला बासष्ट, दुसऱ्याचा अठ्ठ्याऐंशी. कुणीतरी मधूनमधून त्या माणसाला जिने चढायला लावले होते.

बावीसपैकी अकरा कागद त्या खाचेचे निघाले. अकरांतला एक माझ्या धाकट्या भावाचा होता. त्याच्याही खाली माझी सही होती, माझ्याच निळ्या शाईत.

मी खुर्चीत बसले.

आमचे बाबा मैदानावरच गेले. मी चौदा वर्षांची होते, भाऊ नऊ. मध्यंतर झालं होतं. बाबा बाकावर बसून बुटाची नाडी सोडायला वाकले आणि वर आलेच नाहीत. एक्केचाळीस वर्षांचे होते. दाखल्यावर डॉक्टरांनी उष्माघात लिहिलं. त्या दिवशी मी स्वेटर घातला होता. या दोन गोष्टी जुळत नाहीत, हे मला कळायला आणखी सहा वर्षं लागली. पदार्थविज्ञान शिकताना एके दिवशी उष्णतेच्या तासालाच मी पेन खाली ठेवलं होतं.

स्नायूचा एक आजार असतो. हृदयाची भिंत आतून जाड होत जाते, बाहेरून माणूस घोड्यासारखा पळतो. तो बापाकडून मुलांकडे येऊ शकतो, दोघांमागे एकाला. मी माझी तपासणी करून घेतली, माझ्यात काही नाही. भावाच्या मी सहा वर्षं मागे लागले होते. तो दरवेळी म्हणायचा, "ताई, उद्या नक्की." त्याचा उद्या कॅलेंडरात नव्हता.

म्हणून लीगच्या नियमांत मी ते कलम घातलं होतं. त्याचंही सांगायला हवं.

आमच्याकडे फुटबॉल होता, पण लीग नव्हती. कारखान्यांचे संघ, बस डेपोचे, टपाल खात्याचे. प्रत्येक गावाचा आपला चषक. खेळाडू आठवडाभर नोकरी करायचे आणि सुट्टीच्या दिवशी खेळायचे. देशभराची एक लीग असावी, खेळणं हाच खेळाडूंचा धंदा असावा, यासाठी एक माणूस अकरा वर्षं फिरत होता. ते पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचे. आता सगळे त्यांना कार्यवाह म्हणतात. त्यांच्याकडे पुठ्ठ्यावर चिकटवलेला देशाचा नकाशा होता. क्लब तयार झाला की ते त्या गावावर शर्टाचं बटण शिवायचे. याआधी दोनदा लीग उभी राहता राहता कोसळली. एकदा सात बटणांवर, एकदा नऊवर. क्रीडा मंडळाची अट साधी होती: दहा क्लब, प्रत्येकाचं स्वतःचं मैदान, दिवे, वर्षभराच्या करारावर बावीस खेळाडू. एकही कमी असेल तर मान्यता नाही.

कार्यवाह बाबांना ओळखत. नियम लिहिताना ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "वैद्यकीय कलम तू लिही. तुझ्याइतकं ते कुणाला लागलेलं नाही." मी तीन ओळी लिहिल्या. प्रत्येक खेळाडूचा ईसीजी जोडावा, तो कसा असावा, तो कोणी वाचावा. तपासणीच्या वेळी ओळखपत्र पाहावं, हे मी लिहिलं नाही. दुसऱ्याची छाती कोणी आपली म्हणून पाठवेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पुढच्या बुधवारी पाच वाजता मंडळासमोर कागद मंजूर व्हायचे होते. त्यानंतरच्या रविवारी पहिला सामना, आमच्याच मैदानावर. माझ्या हातात आठ दिवस होते.

दुपारी मी मैदानावर गेले. क्लबचे व्यवस्थापक बाबांबरोबर खेळलेले. मी त्यांना काका म्हणते. ते सामानाच्या खोलीत चेंडूंमध्ये हवा भरत बसले होते. भिंतीवर जुन्या रंगात लिहिलेलं होतं: अकरा छात्या, एक काळीज.

"या या, हृदयाच्या हेडबाई!" काका म्हणाले. "रविवारचा पास घ्यायला आलीस? तुला पहिल्या रांगेत बसवतो, पंचाला शिव्या नीट ऐकू जातील."

मी कागद त्यांच्यापुढे धरला. "काका, हे कोणाचं काळीज आहे?"

त्यांनी चष्मा लावला आणि कागद उलटा धरून पाहिला. "छान आहे."

"कोणाचं?"

"क्लबचं," ते हसले. मग माझ्याकडे पाहून हसू आवरलं. "काडीचं आहे. तुला कसं कळलं?"

काडी म्हणजे आमचा डावीकडून पळणारा खेळाडू. आगपेटीतल्या काडीसारखा बारीक, डोकं तेवढं मोठं.

"अकरा जणांच्या नावावर एकट्या काडीचा ईसीजी?"

"अगं, ही आपली रीतच आहे. कारखान्यात असताना दवाखान्यात जायचं म्हणजे अर्धी पाळी बुडायची. मग ज्याची सुट्टी असेल तो सगळ्यांच्या वतीने छाती दाखवून यायचा. त्यात कसली लबाडी? एकाचं काळीज चांगलं तर सगळ्यांचं चांगलं. तुझ्या बाबांना तर दवाखान्याचा भारी कंटाळा. चार वर्षं त्यांच्या नावावर मीच—"

ते थांबले. पंपाची नळी चेंडूत तशीच होती. हवा बारीक आवाज करत बाहेर येत होती आणि दोघांपैकी कोणीच ती बंद केली नाही.

"चार वर्षं?" मी विचारलं.

काकांनी चष्मा काढला. "मला काय माहीत, बाळ," ते म्हणाले. तेवीस वर्षांत त्यांच्या मनात हे दोन तुकडे कधी शेजारी आले नव्हते. ते शेजारी येताना मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिले, आणि मला पाहायला नको होतं.

त्यांनी पंपाची नळी चेंडूतून ओढून काढली. "काय करायचं सांग."

"दहाही जणांना या रविवारी माझ्याकडे पाठवा. मशीन रिकामं असतं. खरे कागद काढते, खोटे फाडते."

"आणि एखाद्यात काही निघालं तर?"

"तर तो खेळणार नाही."

"तसं नाही गं." काकांनी बोटांवर मोजलं. "नवे करार करायची मुदत महिन्यापूर्वी संपली. बावीसचे एकवीस झाले, क्लब गेला. क्लब गेला की नऊ उरले. नऊवर लीग होत नाही, दोनदा पाहिलंय. पोरांनी नोकऱ्या सोडल्यात. गोलकीपरने दुकान भावाला देऊन टाकलं. तुझा भाऊ डेपोत पुन्हा जाऊ शकेल का? त्याच्या जागी बसचे भाग जोडायला दुसरा जोडारी लागलासुद्धा."

"माझ्या भावाला काडीचा ईसीजी लावायची कल्पना कोणाची?"

काकांनी चष्मा पुन्हा लावला. "त्याचीच. बाकीच्यांना मी सांगितलं. तो स्वतः आला."

रविवारी नऊ जण आले. इस्पितळाच्या बाकावर ओळीने बसले, शाळेत लस टोचायला बसतात तसे. काडीही आला होता, त्याला बोलावलं नव्हतं तरी.

"माझं काय चुकलं म्हणून मी घाबरून आलो," तो म्हणाला. "अकरा वेळा झोपलोय मी त्या दवाखान्यातल्या खाटेवर. दरवेळी वेगळं नाव सांगायचं. एकदा तर गोलकीपरचं वय विसरलो, सोळा सांगितलं."

"आणि त्यांनी मान्य केलं?"

"म्हणाले, वयाच्या मानाने थकलेला दिसतोस."

सगळे हसले. मीही हसले असते. एकेकाच्या छातीवर मी रबरी फुगे बसवत होते, मनगटांना आणि घोट्यांना चिमटे लावत होते, आणि कागद सरकायला लागला की त्यावर वाकत होते. एक. ठीक. दोन. ठीक. नऊच्या नऊ ठीक निघाले. नवव्या कागदावर सही करताना मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट झालं. वाईट गोष्ट वाटून घ्यायला आता कोणी उरलं नव्हतं. उरला होता तो एकटाच.

"कुलूप कुठाय?" मी विचारलं. संघात माझ्या भावाला कुलूप म्हणतात. तो मागे उभा असला की गोलाचं दार उघडत नाही.

"उद्या येतो म्हणालाय," काडी म्हणाला.

त्या दुपारी मी आईकडे गेले. आई आणि भाऊ एकत्र राहतात, मी दोन गल्ल्या पलीकडे. तो सरावाला गेला होता. आई त्याचे मोजे जोड्यांनी गुंडाळत होती.

"तू जेवत का नाहीस?" ती म्हणाली. "गळ्याची हाडं दिसायला लागली."

"काम आहे खूप."

"त्याचंही तसंच. झोपत नाही धड. आणि बसल्या बसल्या असं करतो." तिने उजव्या हाताची दोन बोटं जबड्याखाली मानेवर टेकवली. "मी विचारलं तर म्हणतो, घाम पुसतोय. तुझे बाबाही शेवटी शेवटी असंच करायचे. मला वाटायचं, घामच पुसतात."

तिने बोटं काढून पुन्हा मोज्यांना लावली. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. तिला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हे मला कधीच नीट मोजता आलेलं नाही. एक मोजा उरला होता. त्याचा जोडीदार ती शोधत होती, आणि तो तिच्याच मांडीवर होता.

भाऊ सोमवारी आला नाही. मंगळवारी सकाळी आला, मी डबा उघडायच्या आधी. दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "चल, लाव तुझ्या वायरी. लवकर."

"शर्ट काढ आणि आडवा हो."

"आधी हात गरम कर. लहानपणापासून बेडकासारखे हात आहेत तुझे."

मी तळवे एकमेकांवर चोळले. चिमटे लावले. सहा फुगे बसवले. बत्तीस वर्षांची छाती, बाबांसारखीच रुंद, डाव्या बरगडीवर जुन्या बुटाची खूण. आमचं मशीन जुनं आहे. ते जसं पाहतं तसं छापत जातं, सेकंदाला पंचवीस मिलिमीटर. मी बटण दाबलं.

कागद सरकला. मी पाहिलं.

"ताई."

"बोलू नको. हलशील."

"ताई, तुझं तोंड बघ."

"काय झालं माझ्या तोंडाला?"

"काहीच नाही. तेच तर." त्याने दोन्ही हातांनी फुगे उपटले. रेघ कागदाच्या टोकापर्यंत उसळली आणि सपाट झाली. "मशीनला मी घाबरत नाही. तुला घाबरतो. काही वाईट असलं की तुझं तोंड भिंतीसारखं होतं. बाबांना घरी आणलं तेव्हा तू असंच दार उघडलं होतंस."

माझ्या हातात दहा सेंटिमीटर कागद होता. चार सेकंद. त्या चार सेकंदांत सहा ठोके मावले होते. छातीच्या लीडमध्ये, म्हणजे त्या फुग्यांनी टिपलेल्या रेघेत, जी लाट वर असायला हवी ती खाली होती, सात मिलिमीटर खोल, सहाच्या सहा वेळा. खेळाडूंची हृदयं कधीकधी निरोगी असूनही विचित्र दिसतात. हे तसं असू शकत होतं. आणि तसं नसूही शकत होतं. चार सेकंदांत यापुढे काही सांगता येत नाही.

"इको करून घेऊ, हृदयाची सोनोग्राफी," मी म्हणाले. "उद्या सकाळी. अर्ध्या तासाचं काम. काही नसेल तर मी स्वतः पहिल्या रांगेत बसून पंचाला शिव्या देईन."

"आणि असेल तर?"

मी त्याच्या घोट्यांचे चिमटे काढले.

तो शर्टाची बटणं लावत होता, एक घर चुकवून. "करारात एक रकाना आहे, पाहिलास? व्यवसाय. बाबांनी जन्मभर त्या रकान्यात जोडारी लिहिलं. मीही दहा वर्षं तेच लिहिलं. या खेपेला मी फुटबॉलपटू लिहिलं. माझं अक्षर इतकं चांगलं कधी आलं नव्हतं." त्याने माझ्याकडे पाहिलं. "रविवारी खेळू दे. नव्वद मिनिटं. सोमवारी येतो आणि तुझ्या खाटेवर दिवसभर पडून राहतो."

"बाबांनी पंचेचाळीसच खेळली होती."

तो दारापाशी थांबला. पाठ माझ्याकडे होती. उजवा हात मानेशी गेला आणि त्याच्या लक्षात आल्यावर खाली आला.

"किती दिवस होतंय असं?" मी विचारलं.

"काय?"

"मोजतोस ते."

"तू उद्या काही बोललीस," तो म्हणाला, "तर मला बहीण नाही. मग खुशाल तुझे कागद घेऊन बस."

दार मिटल्यावर मी ती पट्टी आमच्या विभागाच्या डॉक्टरीणबाईंना दाखवली. त्यांनी ती उजेडाशी नेली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. "वय?" मी सांगितलं. "घरात कोणी अचानक गेलंय?" मी सांगितलं. "उद्या साडेनऊला घेऊन या. आणि तोवर याने धावायचं नाही. बसमागेसुद्धा नाही. कोण आहे हा?"

"नात्यातला आहे," मी म्हणाले. माझ्या आवाजात काही फरक पडला नाही. भाऊ म्हणाला ते खरं होतं.

त्या दुपारी मी कार्यवाहांना फोन केला. वाक्य कागदावर लिहून ठेवलं होतं. त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"ऐक, ऐक! वेळापत्रक छापून आलं. शाईचा वास येतोय अजून. वाचू?" आणि ते वाचायला लागले. कोणत्या तारखेला कोण कुठे, कोण कोणाकडे. मुलांना नद्या पाठ करायला लावायचे, तसं एका सुरात. मध्येच थांबून म्हणाले, "नकाशावर आज दहावं बटण लावलं. माझ्याच कोटाचं तोडलं. बायको म्हणते, आता लीग झाली नाही तर थंडीत मरशील. तू काहीतरी सांगणार होतीस ना?"

वाक्य माझ्यापुढे होतं. सहा शब्दांचं.

"उद्याची वेळ विचारायची होती," मी म्हणाले.

बुधवारी साडेनऊला मी इकोच्या खोलीबाहेर उभी होते. पावणेदहा. दहा. आत जेलची बाटली कोमट करून ठेवली होती. सव्वादहाला डॉक्टरीणबाईंनी दार उघडून माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या रुग्णाला आत घेतलं.

मंडळाचं सभागृह दुसऱ्या मजल्यावर होतं. लांब टेबल, हिरवं कापड, प्रत्येकापुढे पाण्याचा पेला. टेबलाच्या टोकाला मंडळाचे दोन अधिकारी, त्यांच्यापुढे शिक्का आणि शाईची गादी. दोन्ही बाजूंना दहा क्लबांचे व्यवस्थापक आणि कर्णधार. कार्यवाह उभे होते. त्यांच्या कोटाचं खालचं बटण खरंच नव्हतं, धागे लोंबत होते. माझी खुर्ची खिडकीकडे, समोर दहा फायली. भाऊ बरोबर माझ्यासमोर बसला होता. आमचा कर्णधार तोच. शेजारी काका, इस्त्रीच्या शर्टात, दिवसभर उभ्या ठेवलेल्या छत्रीसारखे ताठ.

रीत अशी ठरली होती की कार्यवाह क्लबचं नाव घेऊन एकेक बाब विचारतील आणि ज्याचं त्याने उत्तर द्यायचं. ज्या बाबीला पूर्ण असं उत्तर आलं तिच्यावर अधिकारी शिक्का मारतील. अपूर्ण आलं तर फाईल बंद.

"मैदान?"

"पूर्ण."

"दिवे?"

"पूर्ण."

"करार, बावीस?"

"पूर्ण."

"वैद्यकीय?"

ते माझं होतं. "पूर्ण," मी म्हणाले. शिक्का बसला.

दुसरा क्लब. तिसरा. शिक्क्याचा आवाज एकसारखा होता, लाकडावर लाकूड. चौथ्याला माझ्या लक्षात आलं की मी शिक्क्यांच्या मधलं अंतर मोजते आहे. पाचव्याच्या वेळी कोणीतरी दिव्यांवरून थट्टा केली, आमचे दिवे असे की गोलकीपरला दोन सावल्या दिसतात, कोणती आपली हे त्याला कळत नाही. सगळे हसले. भाऊही हसला. हसताना त्याचे ओठ बाजूने फिके दिसले. ते उजेडामुळे असेल. मी खिडकीकडे पाठ करून बसले होते, सगळा उजेड त्याच्यावर होता.

सहावा. सातवा. पाच वाजून वीस मिनिटं.

मला भीती वाटत होती. अशा वेळी ती मोजून पाहायची मला सवय आहे, म्हणजे ती जरा लांब होते. माझी नाडी मिनिटाला एकशे सोळा होती. बोलले तर काय काय जाईल ते मी मनात ओळीने मांडलं: कार्यवाहांची अकरा वर्षं, काकांचं म्हातारपण, दोनशे वीस माणसांचं पोट, माझी नोकरी, कारण सही माझी होती. भाऊ. मग न बोलले तर काय जाईल ते मांडायला घेतलं. त्या बाजूला एकच शब्द आला, आणि तोही भाऊच. पण पहिल्या यादीतला भाऊ माझ्याशी बोलणार नव्हता. दुसऱ्या यादीतला कोणाशीच बोलणार नव्हता.

नववा क्लब. "वैद्यकीय?"

"पूर्ण."

कार्यवाहांनी दहावी फाईल उघडली. त्यांनी आमच्या क्लबचं नाव घेतलं तेव्हा काही जणांनी टेबलावर बोटांनी ताल धरला. बटणांचा नकाशा त्यांच्यामागे भिंतीला टेकवून ठेवला होता. दहावं बटण काळं होतं, बाकीची पांढरी.

"मैदान?"

"पूर्ण," काका म्हणाले.

"दिवे?"

"पूर्ण."

"करार, बावीस?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे. "पूर्ण," ते म्हणाले, इतक्या हळू की अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं.

भावाने उजवा हात उचलला. दोन बोटं जबड्याखाली टेकवली आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिला, सेकंदकाट्याकडे. ओठ किंचित हलत होते. तो मोजत होता. मीही त्याच्याबरोबर मोजायला लागले. अकरापर्यंत आम्ही बरोबर गेलो. मग त्याचे ओठ थांबले, जसं कोणी वाट पाहताना थांबतं, आणि जरा जास्तच वेळाने पुन्हा हलले. त्याने घड्याळावरून नजर काढली आणि ती माझ्यावर पडली. तो बत्तीस वर्षांचा होता, आणि नऊ वर्षांचा होता, आणि दारात उभा राहून मी काय सांगते याची वाट पाहत होता.

"वैद्यकीय?" कार्यवाहांनी विचारलं. ते हसत होते. शिक्का अधिकाऱ्याच्या हातात वर उचललेला होता.

मी फाईल उघडली आणि एक कागद बाहेर काढला. त्यावर अर्धा मिलिमीटर खोल खाच होती.

"वैद्यकीय?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"अपूर्ण," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला. "हा ईसीजी माझ्या भावाचा नाही. याच्याखालची सही माझी आहे, आणि ती चुकीची आहे. तो रविवारी खेळणार नाही."